सापडले नाही, म्हणून नाही?

काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून ईमेल चाळणारी काही साधने आहेत. बहुतेकांचा त्यांच्याशी कधी संबंध येत नाही. पण ज्यांच्याकडे वीस-वीस वर्षांचा पत्रव्यवहार साठला आहे असे प्रोग्रॅमर आणि संशोधक अजून नॉटमच, म्यू, मट अशी साधने वापरतात. तिथे शोध म्हणजे एक छोटे वाक्य असते. नॉटमच आणि म्यूमध्ये 'फ्रॉम', मग अपूर्णविराम, मग पाठवणाऱ्याचे नाव, 'सब्जेक्ट'पुढे विषय, 'डेट'पुढे दोन तारखा आणि त्यांच्यामध्ये दोन टिंबे. तुकडे जोडायला 'अँड' आणि 'ऑर', वगळायला 'नॉट'. एंटर दाबले की जुळणाऱ्या पत्रांची यादी येते. काहीच जुळले नाही तर निकषात बसणारे पत्र नाही अशा अर्थाची एक ओळ मट दाखवतो. नॉटमच तेवढेही बोलत नाही. यादीच्या जागी काहीच येत नाही आणि कर्सर पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागतो. या कोरेपणातून माणसाला नेमके काय कळते? प्रश्न तांत्रिक दिसतो, पण आपल्या दर्शनांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे, आणि ईश्वर आहे की नाही या वादाचा बराच भार याच प्रश्नावर पडतो. माझे म्हणणे असे की 'सापडले नाही' यावरून 'नाही' म्हणण्याचा अधिकार माणसाला मिळू शकतो, पण तो कमवावा लागतो. आणि ज्या अटीवर आस्तिक हा अधिकार नास्तिकाला नाकारतो, त्याच अटीवर आस्तिकाचाही एक लाडका हक्क जातो.

आधी न सापडण्याच्या तऱ्हा पाहू. समजा, जुन्नर तालुक्यातल्या एखाद्या संस्थेच्या टपालात कोणी 'ओतूर' हा शब्द शोधतो आहे. नॉटमच त्याला 'ओतूर' असलेली पत्रे देईल, 'ओतूरला' असलेली देणार नाही, कारण त्याच्या लेखी तो वेगळा शब्द. इंग्रजी शब्दांची रूपे सोलून मूळ काढण्याची सोय त्यात आहे. मराठी विभक्तीला ती लागू पडत नाही. शोधणारा जाणता असेल तर शब्दाच्या शेवटी चांदणी लावेल, म्हणजे या अक्षरांनी सुरू होणारे सगळे शब्द येतील. 'ओतूरला' आले, 'ओतूरचा' आले. 'ओतुरात' आणि 'ओतुराहून' तरीही आले नाहीत, कारण तिथे दीर्घ ऊ ऱ्हस्व झालेला आहे आणि यंत्राची चांदणी मराठी व्याकरण शिकलेली नाही. पत्रे तिथेच पडलेली आहेत, एका मात्रेच्या अंतरावर. दुसरी तऱ्हा अशी की गाव पत्रात नाही, पत्राला जोडलेल्या पीडीएफमध्ये आहे. जोडपत्राचे नाव सूचीत जाते, आतला मजकूर जात नाही. तिसरी: पत्र आले आहे, पण नवे टपाल सूचीत घेण्याची आज्ञा अजून दिलेली नाही. चौथी: पाठवणाऱ्याच्या यंत्राचे घड्याळ बिघडलेले होते, म्हणून परवाचे पत्र १९७० सालात जाऊन बसले आहे आणि तारखांची अट घातली की गळते. पाचवी मला सर्वांत बोलकी वाटते. 'स्पॅम' किंवा 'डिलीटेड' अशी खूण लागलेली पत्रे नॉटमचच्या नेहमीच्या मांडणीत शोधातून आपोआप वगळली जातात. ती खूणच नाव घेऊन मागितली तर मिळतात. न मागता कधीच नाही. म्हणजे शोधणाऱ्याने 'नॉट' लिहिलेला नसतो, तरी तो त्याच्या वाक्यात आधीपासून लिहून ठेवलेला असतो.

न सापडण्याला ज्ञानाचे साधन मानायचे का, हा प्रश्न मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने अगदी सरळ घेतला. प्रत्यक्ष, अनुमान, शब्द वगैरे पाच प्रमाणांच्या जोडीला त्यांनी सहावे प्रमाण मांडले: अनुपलब्धी. पुढे अद्वैत्यांनी ते उचलले. 'वेदान्तपरिभाषा' वाचणाऱ्याला सहावे प्रमाण म्हणून तेच भेटते. जमिनीवर घट नाही हे मला कळते ते घट दिसत नाही म्हणून. पण याला एक अट जोडलेली आहे आणि सगळे मर्म त्या अटीत आहे. जी वस्तू तिथे असती तर दिसलीच असती, तिचेच न दिसणे प्रमाण ठरते. अंधारात घट न दिसणे हे काहीच सिद्ध करत नाही. याला म्हणतात योग्यानुपलब्धी. बौद्धांपैकी धर्मकीर्तींनीही अनुपलब्धीला हेतूंमध्ये स्थान दिले, आणि दिसण्याजोग्या वस्तूचे न दिसणे व न दिसण्याजोग्या वस्तूचे न दिसणे यांत भेद केला: पहिल्यातून निश्चय मिळतो, दुसऱ्यातून फक्त संशय. नैयायिकांनी अनुपलब्धीला वेगळे प्रमाण मानले नाही, डोळाच अभाव पाहतो असे म्हटले; पण योग्यतेची अट त्यांनीही सोडली नाही. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे लोक या एका अटीवर एकत्र येतात. नैयायिकांनी आणखी एक शिस्त घातली. अभाव कधी सुटा नसतो. तो कशाचा तरी असतो आणि कुठे तरी असतो. ज्याचा अभाव तो प्रतियोगी, जिथे अभाव तो अनुयोगी. शोधवाक्य हा प्रतियोगी आणि पत्रांची सूची हा अनुयोगी असे धरले तर नॉटमचच्या कोऱ्या उत्तराचा नेमका अर्थ लावता येतो: या शब्दरूपाचे, या खुणा वगळून, आजवर सूचीत आलेल्यांपैकी, एकही पत्र नाही. त्यावरून 'ओतूरविषयी आपल्याकडे काहीच आलेले नाही' असे म्हणणारा माणूस प्रतियोगीही बदलतो आणि अनुयोगीही.

ही अट पुरी होते तेव्हा अभावाचे ज्ञान किती ठाम असते, याचे उदाहरण जुन्नरशेजारच्या आंबेगाव तालुक्यात आहे, आणि ते दुःखद आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या आसपास माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही गोष्ट कळली ती एसटीच्या चालकामुळे: तो फेरी घेऊन त्या रस्त्याने आला आणि गाव जागेवर नव्हते. त्याच्या डोळ्यांपुढे होता तो चिखल आणि दगडमाती. 'गाव नाही' हे त्या चिखलावर कुठे लिहिलेले नव्हते. त्या जागी पहिल्यांदाच आलेला चालक असता तर त्याला दरड कोसळलेली दिसली असती, गाव गेलेले दिसले नसते. ज्याला ते ज्ञान झाले त्याला ठिकाण माहीत होते, गाव कसे दिसते ते माहीत होते, रस्ता तोच होता, उजेड होता. गाव असते तर दिसलेच असते. इथे संशयाला जागा नाही. आणि त्याच घटकेला कागदोपत्री माळीण पूर्ण शाबूत होते: मतदारयादीत, सातबाऱ्यावर, जनगणनेत. कोणी नोंदी शोधल्या असत्या तर गाव सापडले असते. नोंदीत सापडणे आणि जागेवर असणे या दोन गोष्टींची ताटातूट या तालुक्याला नवी नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याचे नाव पडले ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले, कचेरी घोडेगावला आहे, नाव मात्र आंबेगावच राहिले.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की ही सगळी साधनांच्या अपुरेपणाची रडकथा आहे. मराठी विभक्ती समजणारी सूची करा, पीडीएफचा मजकूर आत घ्या, घड्याळे दुरुस्त करा; मग न सापडणे आणि नसणे यांतले अंतर मिटेल. अंतर कमी होईल हे खरे. मिटेल हे खरे नाही, आणि त्याची साक्ष जुन्नर तालुक्यातल्याच एका साधनाने दिली आहे. खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय दुर्बीण आहे. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने, उरलेल्या १६ तीन भुजांवर लांबवर, टोकाच्या दोन तबकड्यांत सुमारे २५ किलोमीटरचे अंतर. या शाखेतल्या लोकांची एक सवय मला तत्त्वज्ञांनी उचलावी अशी वाटते. एखादा संकेत सापडला नाही तर 'संकेत नाही' असे ते लिहीत नाहीत. 'संकेत असलाच तर एवढ्याहून मोठा नाही' असा आकडा देतात, त्याला वरची मर्यादा म्हणतात. आपल्या दुर्बिणीत एवढ्या तीव्रतेचे काही असते तर दिसलेच असते, ही योग्यता ते संख्येत मांडतात. विश्व साठेक कोटी वर्षांचे असताना पसरलेल्या हायड्रोजनचा अतिशय मंद संकेत शोधण्यासाठी खोडदच्या दुर्बिणीने निरीक्षणे घेतली. संकेत मिळाला नाही. २०११ साली ७० मिलिकेल्विन ही वरची मर्यादा छापली गेली. अडचण अशी की या संकेताच्या वाटेत आपली आकाशगंगा आणि इतर रेडिओस्रोत यांचा हजारो पटींनी प्रखर झगमगाट असतो आणि तो आधी वजा करावा लागतो. पुढे त्याच गटाने कृत्रिम संकेत घालून वजाबाकीनंतर त्यातला किती उरतो ते तपासले, तेव्हा दिसले की झगमगाटाबरोबर खुद्द शोधायचा संकेतही काही प्रमाणात पुसला जात होता. २०१३ साली त्यांनी मर्यादा सुधारली: २४८ मिलिकेल्विन. म्हणजे 'नाही'चे क्षेत्र आक्रसले, 'असू शकते'चे वाढले. साधन उत्तम होते, माणसे सावध होती. वगळण्याच्या कृतीतच हव्या त्या गोष्टीचा तुकडा गेला. नको ते दूर ठेवण्यासाठी लिहिलेला प्रत्येक 'नॉट' ही जोखीम घेतो, आणि 'नॉट' न लिहिता लाखो पत्रांत काही शोधणे शक्य नाही. हा साधनाचा दोष म्हणता येत नाही. शोध म्हणजे निवड, आणि निवडीला ही किंमत आहे.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: असे असेल तर जगात कशालाच 'नाही' म्हणता येणार नाही, सशाच्या शिंगापुढेही 'कदाचित' लिहावे लागेल. हा आक्षेप योग्यतेची अट विसरतो. प्रत्येक ईमेलला स्वतःची एकमेव ओळखखूण असते. ती अक्षरशः देऊन, कोणतीही खूण न वगळता शोध घेतला आणि काही आले नाही, तर ते पत्र त्या सूचीत नाही, विषय संपला. सशाला शिंग असते तर ते डोळ्यांना दिसण्याजोगेच असते. इतके ससे इतक्या डोळ्यांनी पाहिले, दिसले नाही, म्हणून नाही. माळीणच्या चालकाला कोणी 'कदाचित असेल' असे सांगू गेला असता तर ती क्रूर थट्टा झाली असती. निश्चय मिळतो. तो प्रश्नाच्या, जागेच्या आणि साधनाच्या मापाचा मिळतो, एवढेच.

इतिहासात हे माप पदोपदी चुकते. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी दानलेख आहेत. त्यांची घडण ईमेलच्या मथळ्याची आठवण करून देईल इतकी ठरीव आहे: दाता कोण, कुठला, काय दिले. पाण्याची टाकी, भोजनमंडप, लेणे. तारखेची जागा मात्र जवळजवळ सगळीकडे रिकामी. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याच्या लेखात ४६ हे वर्ष आहे, म्हणून तो इतिहासकारांचा इतका लाडका. या लेण्यांत तीन यवन, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्या, दात्यांची नावे येतात: इरिल, चिट आणि चंद. चंद हे नाव एकटे वाचले असते तर तो यवन आहे असे कोणाच्या मनातही आले नसते; तो सापडतो, कारण 'यवन' ही खूण त्याने स्वतः कोरून घेतली. जुन्नरला येऊन दान दिलेल्या आणि ती खूण न कोरलेल्या यवनाचा शोध घेणे हे कोणत्याही शोधवाक्याच्या आवाक्यात नाही. मग 'जुन्नरला तीनच यवनांनी दान दिले' असे म्हणता येईल का? 'तिघांनी तसे लिहिले' इतकेच म्हणता येते. नाणेघाटात तर गंमत पुढची आहे. तिथे भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका अशी नावे कोरलेली आहेत आणि त्यांखालच्या मूर्ती नाहीत, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. मथळा आहे, पत्र गेले.

धर्माच्या वादात हेच माप दोन्हीकडून मोडले जाते. जुन्नर तालुक्यातल्याच आळ्याला त्या रेड्याची समाधी आहे, ज्याच्या मुखातून ज्ञानेश्वरांनी पैठणला वेद वदवले अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरीत त्याचा उल्लेख नाही, म्हणून घटना घडलीच नाही, असा युक्तिवाद कोणी केला तर तो टिकणार नाही. शके १२१२ मध्ये पूर्ण झालेला तो ग्रंथ गीतेवरचे भाष्य आहे. आपल्या हातून झालेला चमत्कार ज्ञानेश्वर तिथे नोंदवतील ही अपेक्षाच चुकीच्या जागी आहे. प्रतियोगी बरोबर, अनुयोगी चुकला. यादवकालीन शिलालेखांतले मौनही तसेच. ते मुख्यतः दानाचे लेख. पण हे ऐकून भाविकाने सुटकेचा निःश्वास टाकायचे कारण नाही. मौनातून नकार सिद्ध झाला नाही, म्हणून होकार सिद्ध होत नाही. प्राण्यांच्या वाणीविषयी माणसाला जे अफाट आणि योग्य परिस्थितीत मिळालेले ज्ञान आहे, ते तसेच उभे राहते. ज्ञानेश्वरीचे मौन त्या पारड्यात काहीच टाकत नाही, ना इकडे ना तिकडे.

आता मूळ प्रश्न. चार्वाक म्हणतो, ईश्वर कोणालाच दिसला नाही, म्हणून नाही. उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त या युक्तिवादाला स्वतंत्र जागा देऊन उत्तर दिले, आणि ते उत्तर मला मान्य आहे. ईश्वर ही दिसण्याजोगी वस्तू नाही. अयोग्य वस्तूच्या न दिसण्यावरून तिचा अभाव ठरत नाही. दुर्बीण रोखून, अवकाशात जाऊन, कवटी उघडून 'नाही सापडला' म्हणणारा माणूस 'ओतुरात' या शब्दाचा विचार न करता 'ओतूर' शोधणाऱ्याच्याच जातीचा आहे. पण उदयनाचार्यांनी ईश्वर मानला तो अनुमानाने, जग हे कार्य आहे म्हणून त्याचा कर्ता. म्हणजे दिसण्याचा दरवाजा त्यांनी बंद केला तो दुसरा उघडून, आणि त्या दुसऱ्या दरवाजातून खंडन आत येऊ शकते हे पत्करून. आजचा भाविक दिसण्याचा दरवाजा लावतो आणि दुसरा उघडतच नाही, तरी पाहुणा घरात आहे म्हणतो. इथे माझा त्याच्याशी वाद आहे.

जुन्नर तालुक्यात अष्टविनायकांपैकी दोन आहेत: लेण्याद्रीचा गिरिजात्मज, बौद्धांनी कोरलेल्या विहारात बसलेला, आणि कुकडीकाठी ओझरचा विघ्नेश्वर. विघ्न दूर करतो हा दावा दिसण्याजोगा दावा आहे. आजार बरा झाला, मूल झाले, खटला जिंकला: या गोष्टी घट आणि जमीन यांच्याइतक्याच योग्य आहेत, मोजता येण्याजोग्या आहेत. तेव्हा नवसाच्या बाबतीत 'ईश्वर अयोग्य आहे' ही ढाल चालत नाही. आणि नवसाच्या नोंदीची घडणच अशी आहे की तिच्यात एक न लिहिलेला 'नॉट' आहे. ज्याचा नवस पुरा झाला तो फेडायला येतो. ज्याचा झाला नाही तो येत नाही. आला तर नवा नवस बोलायला. मंदिराच्या पायरीवर उभे राहून कोणी शंभर फेडणाऱ्यांना विचारले तर शंभरांना प्रचिती आलेली सापडेल. न मिळालेले शेकडो, हजारो, त्या सूचीतच नाहीत. पत्रशोधात एखाद्या खुणेची पत्रे आपोआप वगळली जातात ते निदान सेटिंगमध्ये वाचता येते.

यावर वारकरी परंपरेतला माणूस म्हणेल की तुम्ही भक्तीला शोध समजता आहात. नाम घेणारा काही सिद्ध करायला निघालेला नसतो. तो मागत नाही, मोजत नाही, त्याला 'सापडले की नाही' हा प्रश्नच पडत नाही. हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो आणि मी तो पूर्ण मान्य करतो. ज्या भक्तीने फळाचा दावा सोडला तिला माझा युक्तिवाद स्पर्शही करत नाही. तिला खोटे ठरवण्यासाठी जे न सापडायला हवे असे काही तिने सांगितलेलेच नाही. मात्र तिनेही मग सापडल्याची साक्ष काढू नये. 'तो मापात येत नाही' असे नास्तिकाला सांगायचे आणि संध्याकाळी कीर्तनात त्याने कोणाचा कर्क बरा केला त्याची कथा लावायची, हे दोन्ही एका तोंडाने बोलता येत नाही. अयोग्य म्हणून ईश्वर सुटतो तेव्हा त्याच्याबरोबर नवसही सुटतो. माझा कौल एवढाच आहे की निर्गुणाविरुद्ध कोणत्याही दुर्बिणीची साक्ष चालणार नाही आणि नवसाच्या बाजूने फेडणाऱ्यांची साक्ष चालणार नाही. पहिल्या निकालाने फार थोड्यांना दिलासा मिळेल, कारण संकष्टीला ओझरच्या रांगेत उभे असणाऱ्यांत निर्गुणासाठी आलेले फार थोडे असतात.